तुम्ही विचारलंत म्हणून: माय झेटरलिंगच का?

"एवढी मोठी दिग्दर्शिका, तर आम्ही तिचं नाव कसं ऐकलं नाही?" मी स्वीडनच्या माय झेटरलिंगचा विषय काढला की हे येतंच. नाव ऐकलं नाही म्हणजे बाई बेताचीच असणार, हे विचारणाऱ्याचं आधीच ठरलेलं असतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

चेहरा तुम्ही पाहिलाय. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनची पटकथा म्हणून आवर्जून बघता त्या 'हेट्स' चित्रपटातली (१९४४) तंबाखूच्या दुकानातली मुलगी तीच. 'द विचेस'मधली (१९९०) आजीही तीच. मधल्या काळात ती दिग्दर्शिका झाली. १९६६ मध्ये स्वतःच्याच कादंबरीवर तिनं 'नॅटलेक' हा चित्रपट केला, तर व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात तो फक्त ज्युरी आणि पत्रकारांना दाखवला गेला, प्रेक्षकांना नाही.

पण मला बोलायचंय ते तिच्या १९६८ च्या 'फ्लिकोर्ना' या चित्रपटाबद्दल. तीन नट्या 'लायसिस्ट्राटा' या प्राचीन ग्रीक नाटकाचे प्रयोग घेऊन स्वीडनभर दौरा करतात. युद्ध थांबवायला निघालेल्या बायकांचं नाटक. एका प्रयोगानंतर त्या तिघींतली एक, बिबी आंदेरशोन, प्रेक्षकांना थांबवते, म्हणते, यावर बोलूया ना. कुणी तोंड उघडत नाही. ती पुन्हा विचारते. माणसं नुसती बघत राहतात. हा प्रसंग मला बसल्या जागी सहन होत नाही. तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकंही कुणाला काही वाटलेलं नसतं. मग चित्रपटाचंही तेच झालं. समीक्षकांनी झोडपला, प्रेक्षक फिरकले नाहीत. स्वीडनमध्ये झेटरलिंगचा पुढचा कथापट थेट १९८६ मध्ये आला, 'अमोरोसा'. तोवर तिनं साठी गाठली होती.

'फ्लिकोर्ना'तले पुरुष सपाट आहेत, काही ठिकाणी ती मुद्दा ओरडून सांगते, हे मान्य. पण १९५३ मध्ये बर्गमनच्या सर्कशीवरच्या चित्रपटाचीही समीक्षकांनी लक्तरं काढली होती. पुढच्याच वर्षी त्याचा नवा चित्रपट आला. हा फरक गुणवत्तेचा आहे, असं मला कुणी पटवून द्यावं.

पूर्वी मी म्हणायचे, तिची अठरा वर्षं चोरली गेली. पण त्याच वर्षांत तिनं म्युनिक ऑलिंपिकच्या वेटलिफ्टरांवर लघुपट केला, पुस्तकं लिहिली, ब्रिटनमध्ये १९८२ चा 'स्क्रबर्स' केला. 'चोरली' म्हटलं की हे सगळं मी स्वतःच मोडीत काढते. आणि 'चोरली नाहीत' म्हटलं, की तिला चित्रपटासाठी पैसे नाकारणारे सगळे सुटतात. तेही मला मंजूर नाही.