नाव फक्त घरच्या कर्त्याचं

अमेरिकेत घराण्याचा शोध घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण थेट १७९०ची जनगणना उघडतात, कारण ती पहिली. माझ्या सासरीही तेच झालं होतं. नणंदेला ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशज बायकांच्या संस्थेचं सभासद व्हायचं होतं. त्यासाठी स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजापासून स्वतःपर्यंतची एकेक पिढी कागदोपत्री जोडून दाखवावी लागते. घरात ऐकीव माहिती एवढीच, की मूळ पुरुष जॉन, गाव मॅसॅच्युसेट्समधलं कॉनवे, आणि तो इंग्रजांविरुद्ध लढला होता. आडनाव इथे देत नाही. त्या भागात ते गल्लोगल्ली आढळतं. १७९०च्या यादीत कॉनवेतच त्या नावाचे दोघे निघाले. एक नुसता जॉन, दुसऱ्यापुढे ‘सेकंड’. सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं, हे बापलेक. पण त्या काळी ‘सेकंड’ किंवा ‘ज्युनियर’ याचा अर्थ गावात त्याच नावाचा आणखी एक, वयाने मोठा माणूस आहे, इतकाच असायचा. चुलता-पुतणे असतील, कधी कधी तर काही नातंच नसेल. थोरला वारला की धाकट्याचं ‘ज्युनियर’ गळूनही पडायचं.

त्या पहिल्या मोजणीत छापील फॉर्म नव्हतेच. मार्शलचे (फेडरल कोर्टाच्या अधिकाऱ्याचे) मदतनीस आपापला कागद आणून त्यावर रेघा मारायचे. घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, मग १६ वर्षं व पुढचे गोरे पुरुष, १६च्या आतले मुलगे, गोऱ्या बायका (लहानमोठ्या सगळ्या एकाच रकान्यात), इतर स्वतंत्र माणसं, आणि शेवटी गुलाम. संपलं. वय नाही, जन्मगाव नाही, बायकोचं नाव नाही. त्यातही काही मदतनिसांनी यादी नंतर अक्षरानुक्रमे नीट उतरवून काढली. दिसायला सुबक, पण कोणाचं घर कोणाशेजारी होतं ही मोलाची माहिती त्यात गेली. व्हर्जिनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया, डेलावेअर यांच्या १७९०च्या याद्या तर आज उरलेल्याच नाहीत. व्हर्जिनियाची उणीव जुन्या करयाद्यांवरून थोडीफार भरून काढतात. आमचं नशीब, मॅसॅच्युसेट्सची शाबूत आहे.

मी १७९०चं पान बाजूला ठेवलं आणि १८५०पासून मागे यायला लागले. माझ्या मते दुसरा मार्गच नाही. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहायला १८५०मध्ये सुरुवात झाली. न्यूयॉर्कच्या ऑन्टारिओ काउंटीत आमचा एक पक्का दुवा होता, जॉनचा मुलगा म्हणून सांगितला जाणारा माणूस. वय ६२, जन्म मॅसॅच्युसेट्स. दोन घरं सोडून त्याच आडनावाचा दुसरा, वय ५४, जन्म न्यूयॉर्क. हे दोघे भाऊ असतील तर कुटुंब १७८८ ते १७९६च्या दरम्यान कधीतरी पश्चिमेला हललं. पण ‘असतील तर’ यावर संस्था सभासदत्व देत नाही, आणि कोण कोणाचा कोण हे १८८०च्या आधीच्या जनगणनेत लिहिलेलंच नसतं.

मग १८४०. हिचा तक्ता समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला असतो. डाव्या पानावर कर्त्याचं नाव आणि वयोगटांचे रकाने बघून लोक पुढे सरकतात. उजव्या पानावर युद्धाचं पेन्शन घेणाऱ्यांसाठी एक रकाना आहे, आणि त्यात चक्क नाव आणि वय लिहिलेलं असतं. ६२ वर्षांच्या त्या मुलाचं दहा वर्षांपूर्वीचं घर मी शोधलं, डावीकडच्या रकान्यांत ८० ते ९० वयाचा एक पुरुष दिसला म्हणून पान उजवीकडे सरकवलं, आणि त्याच ओळीत बारीक तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: जॉन, ८३. मी मोठ्याने ओरडलेच. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं काहीतरी सांडलं.

पेन्शन म्हणजे पेन्शनची फाइल आलीच. १८३२च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळू लागलं. बहुतेकांजवळ कागद नसल्याने म्हाताऱ्यांना कोर्टात उभं राहून शपथेवर सांगावं लागे. प्रश्न ठरलेले होते: जन्म कुठे, कोणत्या साली; वयाची नोंद आहे का, असल्यास कुठे; बोलावणं आलं तेव्हा राहायला कुठे होता; युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. जनगणनेने जे म्हणून विचारलं नाही ते सगळं इथे. आमच्या जॉनने सांगितलं: जन्म १७५७, डिअरफील्ड, भरती झाला तेव्हा मुक्काम कॉनवे, १७९३मध्ये ऑन्टारिओ काउंटीत आला. सासूबाई डिअरफील्ड वाचून खट्टू झाल्या, माणूस वेगळाच निघाला म्हणून. पण कॉनवे १७६७मध्ये डिअरफील्डमधूनच फुटून वेगळं झालं. १७५७मध्ये कॉनवे नावाचं गावच नव्हतं. पुढे १८११मध्ये हॅम्पशर काउंटीतून फ्रँकलिन काउंटी काढली आणि ही दोन्ही गावं तिकडे गेली. म्हणून आज फ्रँकलिनखाली शोधणाऱ्याला १७९०मध्ये काहीच सापडत नाही.

आता दोन जॉनपैकी आपला कोणता? हा खरा मजेचा भाग, आणि यात नावाचा काडीचा उपयोग नाही. १८००मध्ये वयोगट आले: १०च्या आत, १० ते १६, १६ ते २६, २६ ते ४५, आणि ४५च्या पुढे. १७५७चा माणूस तेव्हा ४३चा. त्या वर्षी कॉनवेत एकच जॉन उरला होता आणि त्याच्या ओळीत पुरुषाची खूण ‘४५च्या पुढे’ रकान्यात. तो आपला नव्हे. ऑन्टारिओ काउंटीतल्या जॉनची खूण ‘२६ ते ४५’मध्ये. मी वहीत कॉनवेच्या गावदप्तरातले जन्म मांडले. ‘जॉन आणि मर्सी’ची मुलं: मुलगी १७८४, मुलगे १७८६ आणि १७८८. मग १७९०च्या ‘सेकंड’ची ओळ बघितली: पुरुष १, मुलगे २, बायका ३. थोरल्याच्या घरी पुरुष ३, मुलगा १, बायका ५, म्हणजे त्याचा संसार केव्हाच वाढलेला.

पण आमच्या ओळीत बायका ३ कशा? मर्सी आणि मुलगी धरून दोनच होतात. १८००च्या ओळीत तिचा पत्ता लागला: ‘४५च्या पुढे’ रकान्यात एक बाई. १८१०मध्ये ती नाही. जॉनची आई असेल, नाही तर मर्सीची. साडेतीनशे-चारशे किलोमीटर बैलगाडीने त्या वयात आली असणार. तिचं नाव अजून लागलेलं नाही. आमच्या माहेरच्या वंशावळीतही मुली-सुना गाळलेल्याच आहेत, तेव्हा अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

१८२०ची यादी वापरणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: १६ ते १८चे मुलगे तिथे वेगळ्या रकान्यातही येतात आणि १६ ते २६मध्येही. सगळे रकाने भाबडेपणाने बेरजेला घेतले तर नसलेला मुलगा उभा राहतो. आणि वेबसाइटवरच्या नावांच्या इंडेक्सवर विसंबू नये. जॉनला त्या काळचे लेखनिक ‘जेएनओ’ असं तोडून लिहायचे. एका वेबसाइटने त्याचा जेम्स करून ठेवला होता. पानांचे फोटो फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट आहेत, एकेक पान सरकवत वाचावं.

१८१०च्या त्या पानावर जॉनच्या चार ओळी खाली एका घरापुढे शेवटच्या, गुलामांच्या रकान्यात ‘२’ आहे. मॅसॅच्युसेट्सने १७९०मध्ये गुलाम शून्य दाखवले होते, पण न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी १८२७पर्यंत पूर्ण संपली नाही. त्या दोघांच्या वंशजांना १८५०च्या मागे जाताना नावाचा आधार सहसा मिळतच नाही. आणि ज्यांच्या जमिनीवर ही सगळी वस्ती झाली ते सेनेका लोक मोजणीतच नव्हते. कर न भरणाऱ्या इंडियनांना, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, संविधानानेच वगळलं होतं. नणंदेला मी हे दाखवलं. ती बराच वेळ ते पान वाचत होती.

तिचा अर्ज १८४०ची दोन्ही पानं, पेन्शनची फाइल आणि गावदप्तराच्या नकला जोडून गेला आहे. मी आता जॉनच्या बापामागे लागलेय. १७९०च्या आधी देशाची जनगणना नाही, पण मॅसॅच्युसेट्सने १७७१मध्ये करासाठी मालमत्तेची यादी केली होती. काही गावांचीच उरली आहे, पण त्यात घरं, गाई-बैल, घोडे, पिकाची जमीन असं सगळं मोजलेलं असतं. त्याच्याबरोबर हॅम्पशर काउंटीची मृत्युपत्रं वाचायची आहेत. विधवेचा वाटा लावताना तिचं नाव सहसा लिहिलेलं असतं, त्यामुळे ती तिसरी बाई जॉनची आई असेल तर तिथे सापडेल.