बाबांची जखम, माझी वही आणि टीपीएची क्वेरी

मे महिन्यात बाबांनी ठाण्यात कोपिनेश्वराच्या देवळाला भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या, फरशी तापलेली आणि शुगरमुळे पायाला संवेदना नाही, त्यामुळे घरी येऊन मोज्याला पाणी लागलेलं आईने बघितलं तेव्हा कळलं की अंगठ्याखाली मोठा फोड फुटलाय.

नौपाड्यात ड्रेसिंगला जायचो तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी जखमेशेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, दर सोमवारी लांबी-रुंदी लिहून ठेवा. मला वाटलं उगाच काम वाढवतायत, पण लिहिलं. पहिल्या सोमवारी ४ बाय ३, म्हणजे १२ चौरस सेंमी. चार आठवड्यांनी ४ बाय २.५, म्हणजे १०. आम्ही खूश, कमी होतेय ना! डॉक्टर मात्र गप्प.

मग त्यांनी सांगितलं की अमेरिकेत २०३ पेशंटांच्या नोंदी तपासून २००३ साली छापून आलंय, चार आठवड्यांत ज्यांची जखम साधारण निम्म्याहून जास्त आकसली त्यांच्यातले ५८ टक्के बारा आठवड्यांत बरे झाले, बाकीच्यांतले फक्त ९ टक्के. आमचं आकसणं १७ टक्के. पायाचा रक्तपुरवठा डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) ठीक निघाला, म्हणून ॲडमिट करून सडलेला भाग काढायचा आणि व्हॅक लावायचं ठरलं (जखमेत फोम, वरून चिकट प्लास्टिक आणि रात्रभर गुरगुरत जखमेतलं पाणी ओढणारं मशीन).

विम्याच्या कॅशलेसला (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यायचं) टाकलं तर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी: साधं ड्रेसिंग का चालणार नाही? डेस्कवरचा पोरगा म्हणे, "काका, सध्या कॅश भरा, नंतर रिइम्बर्समेंट टाका." ऐंशी हजार खिशात घेऊन कोण फिरतं? मी वहीची पानं, पाचही सोमवारचे फोटो, एचबीएवनसीचा (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट स्कॅन केला आणि डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घेतल्या की साधं ड्रेसिंग चार आठवडे करून झालंय, आकडे सोबत आहेत. संध्याकाळी मंजुरीचा मेसेज आला. फोम-फिल्मचे पैसे मात्र कापले, त्यावर मी अजून भांडतोय.

व्हॅकनंतर तीन सोमवार झाले, काल २.५ बाय २ निघालं. एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पल आणलीये, पण बाबांचा प्रश्न तोच, देवळात ती बाहेरच काढावी लागणार ना? जाड मोजे घाला आणि सकाळी सातला जा म्हटलंय, तेही जखम भरल्यावर.