ऑरेंज क्रोमाइड, तिसरी खेप: दिवस 24

मंडळी, आज चोविसावा दिवस. टाकीत ऑरेंज क्रोमाइड माशाची पन्नासेक पिल्लं आहेत आणि आई-बापाची जोडी अजून त्यांच्यातच आहे. या खेपेला एकच गोष्ट ठरवली होती, मध्ये हात घालायचा नाही.

पहिल्या खेपेला अंडी चिकटलेलं खापर वेगळ्या टाकीत नेलं, बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लू हे औषध घातलं, शेजारी हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावला. अंडी छान फुटली. पण पिल्लं पोहायला लागल्यावर चार-पाच दिवसांत सगळी गेली. आर्टेमिया (पिल्लांचं खाणं, खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत जीव) वेळच्या वेळी देत होतो, तरीही. दुसऱ्या खेपेला अंडी जागेवरच ठेवली, पण काच पुसायला हात घातला आणि संध्याकाळपर्यंत जोडीने अंडी फस्त केली.

टाकी तीन फुटी, साधारण दीडशे लिटरची. पाणी 28 अंश, मरीन सॉल्ट (समुद्राच्या पाण्यासारखं मीठ) घालून घनता 1.005 ठेवतो, म्हणजे किंचित खारं. हा मासा केरळ आणि श्रीलंकेकडच्या मचूळ पाण्यातला. गोड्या पाण्यातही राहतो, पण माझ्या जोडीचा रंग मीठ वाढवल्यावरच खुलला. आपल्याकडे गोव्यात चवीने खातात ती काळुंदर याचीच भाऊबंद. हा काळुंदरीची अंडी-पिल्लं खातो आणि मोठ्या काळुंदरीच्या अंगावरची बुरशी-परजीवी टिपून तिला साफही करतो. अशा माशाला साधा म्हणून दुकानात कोपऱ्यात ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवस 1 : कुंडीच्या खापराला आतून अंडी. एकेक मोहरीएवढं, बारीक देठावर चिकटलेलं. मादी पंखांनी वारा घाली तेव्हा सगळा घोस एकदम डोले.

दिवस 5 : अंडी फुटली. दोघांनी तोंडातून पिल्लं उचलून वाळूत खणलेल्या खड्ड्यात नेली. पुढच्या आठवड्यात असे तीन खड्डे बदलले.

दिवस 9 : रात्री दोन तास लाइट नव्हती. बॅटरीवरचा पंप लावला, स्पंज फिल्टर चालू राहिला. घरात असा एक पंप हवाच.

दिवस 12 : पिल्लं पोहायला लागली, आणि माझं पहिल्या खेपेचं उत्तर मिळालं. भिंग लावून पाहिलं तर एक पिल्लू सरळ नराच्या कुशीला जाऊन भिडलं, खवल्यांवर एक टोचा मारून मागे फिरलं. मग दुसरं, मग तिसरं. आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव ती खात होती. नर जागचा हलला नाही. पहिल्या खेपेच्या पिल्लांना मी नेमकं हेच मिळू दिलं नव्हतं, असं मला आता वाटतं.

आर्टेमिया तेव्हापासूनच देतोय, पण पोटं नारिंगी दिसायला लागली ती पंधराव्या दिवसापासून. पाणी रोज दहा टक्के बदलतो, नवं पाणी आदल्या रात्रीच तेवढंच मीठ घालून मुरवून ठेवलेलं.

आता मादीच्या शेपटीजवळची खवलं थोडी पांढुरकी दिसतात. ती पिल्लांना चुकवून पळायला लागली की जोडी बाजूला काढणार, तोवर नाही.

आज सकाळी खिडकीबाहेरून कावळा गेला, त्याची सावली काचेवरून सरकली. मादीने पोटाखालचे काळे पंख दोनदा झटकले, आणि टाकीभर पसरलेली पिल्लं क्षणात तिच्या पोटाखाली गोळा झाली.