आमची वाटचाल : मीटर कोणाच्या नावावर आहे?

माझे बाबा वीज मंडळात मीटर रीडर होते. महाल, गांधीबाग, इतवारी हा त्यांचा इलाखा. जुन्या वाड्यांच्या जिन्याखाली ओळीनं लागलेली सहा-सात मीटरं, हातात टॉर्च, काखेत वही. संध्याकाळी घरी आले की ते आकडे नाही, माणसं सांगत. अमुक वाड्यात मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे, राहतो भाडेकरू, आणि बिल भरतो पुण्याचा पुतण्या. तमुक घराला महिनाभर कुलूप, म्हणून सरासरीनं बिल लावावं लागलं. मीटरचा आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरातला दिवस असतो, हे मी त्या गोष्टींतून शिकले. आज आमची सात जणांची फर्म ज्या कामावर उभी आहे, त्याच्या मुळाशी हीच समज आहे.

आम्ही सॉफ्टवेअर लिहीत नाही. आमचं काम बिझनेस अॅनालिसिसचं. कायदा किंवा नियम एका बाजूला, प्रोग्रामर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आम्ही. नियमातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावायचा, त्यातून सिस्टीमनं नेमकं काय करायला हवं ते लिहायचं, आणि ते झालं की नाही हे कशावरून कळेल तेही लिहायचं. पुण्यात अकरा वर्षं बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काढल्यावर बाबांच्या तब्येतीमुळे मी नागपूरला परत आले. २०१७ च्या दिवाळीनंतर एका जुन्या सहकारिणीला सोबत घेऊन अंबाझरी लेआउटमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिलं काम पुण्यातल्याच ओळखीतून आलं: ऑस्ट्रेलियातल्या एका वीज रिटेलरची बिलं तपासण्याचं.

बँकेत ओव्हरड्राफ्टसाठी गेलो तेव्हा ‘वीज रिटेलर’ म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा तास गेला. आपल्याकडे बहुतेकांना महावितरण एवढंच ठाऊक. तारा त्यांच्या, मीटर त्यांचं, बिलही त्यांचंच. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि आग्नेय भागात तसं नाही. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि राजधानीचा प्रदेश यांचा मिळून एक राष्ट्रीय वीजबाजार आहे. तारा एका कंपनीच्या असतात आणि वीज विकणारी कंपनी वेगळी. शिवाय बहुतेक ठिकाणी ग्राहक मोबाईलचं सिम बदलावं तसा विक्रेता बदलू शकतो. प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला तिकडे ‘एनएमआय’ म्हणतात. विक्रेता बदलला, राहणारा बदलला, तरी तो क्रमांक त्या जागेलाच चिकटलेला असतो. हे लक्षात असू द्या, पुढची सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

आमचं पहिलं मोठं काम २०२१ चं. १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथल्या बाजारात अर्ध्या तासाऐवजी दर पाच मिनिटांनी हिशोब सुरू झाला. अर्ध्या तासाच्या हिशोबानं दिवसाला ४८ आकडे यायचे. पाच मिनिटांनी ते २८८ होतात. त्या वर्षात आम्ही दोनाचे पाच झालो.

आणि मग आला ‘कन्झ्युमर डेटा राइट’. मराठीत मी त्याला माहितीवरचा ग्राहकाचा हक्क म्हणते. ऑस्ट्रेलियानं २०१९ मध्ये हा कायदा केला. २०२० मध्ये मोठ्या बँकांपासून सुरुवात झाली, आणि १५ नोव्हेंबर २०२२ ला विजेत तीन सर्वांत मोठ्या रिटेलरांची पाळी आली. आमचं गिऱ्हाईक मधल्या आकाराचं. त्यांच्यासारख्यांना तारीख होती १ नोव्हेंबर २०२३.

कल्पना साधी आणि मला मनापासून पटलेली. तुमच्या वीजवापराची माहिती कंपनीच्या कपाटात असली तरी ती तुमची आहे, आणि तुम्ही सांगाल त्याला कंपनीनं ती दिली पाहिजे. समजा मेलबर्नमधल्या एका बाईंना बघायचं आहे की आपल्याला कुठला दर स्वस्त पडेल, किंवा छतावर सोलर बसवलं तर किती वर्षांत पैसे निघतील. त्या सरकारमान्य अॅपमध्ये जाऊन संमती देतात. अॅप त्यांना त्यांच्या रिटेलरच्या पानावर पाठवतं, तिथे मोबाईलवर ओटीपी येतो, त्या आपलं खातं निवडतात आणि माहिती वाहू लागते. त्यांच्यासारख्या घरगुती ग्राहकाची संमती जास्तीत जास्त बारा महिन्यांची, आणि कधीही मागे घेता येते.

पण वापराचे आकडे रिटेलरकडून यायचे नाहीत, ही विजेची खास गोम आहे. मीटरचे आकडे राष्ट्रीय बाजार चालवणाऱ्या ‘एमो’ या संस्थेकडे असतात. म्हणून अॅप रिटेलरला विचारतं, रिटेलर एनएमआय देऊन एमोला विचारतो, एमो आकडे देतं आणि रिटेलर ते पुढे करतो. या रचनेत एमोला ग्राहकाचं नाव कळतच नाही. त्यांना फक्त जागेचा क्रमांक दिसतो. खासगीपणाच्या दृष्टीनं हे उत्तम आहे. मात्र त्याची दुसरी बाजू अशी, की माणूस आणि तारीख यांची सांगड घालायची सगळी जबाबदारी रिटेलरवर येते.

नेमकी इथेच आमची चूक झाली. जूनमध्ये आम्ही रिक्वायरमेंटचं दस्तऐवज पक्कं करून पाठवलं, तिकडून मंजूर होऊनही आलं. त्यात ‘खातं पात्र असावं’ असं लिहिलं होतं. वापराची माहिती दोन वर्षांपर्यंतची मागता येते, तेही लिहिलं होतं. पण ही दोन वाक्यं एकमेकांसमोर ठेवून आमच्यापैकी कोणीच पाहिली नाहीत.

जुलैमधल्या एका रविवारी मी घरी जेवणाच्या टेबलावर टेस्ट केस वाचत बसले होते. बाबांनी विचारलं, “काय करून राहिली बेटा, सुट्टीच्या दिवशी?” मी सगळा प्रवास कागदावर काढून दाखवला: बाई, अॅप, रिटेलर, एमो. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मीटर कोणाच्या नावावर आहे ते ठीक. पण कधीपासून?”

मला काही सुचेना. त्या मेलबर्नच्या बाई त्या घरात आठ महिन्यांपूर्वीच राहायला आल्या असतील तर? मीटर तेच, क्रमांक तोच. अॅपनं चोवीस महिने मागितले, रिटेलरनं तारीख न तपासता मागणी पुढे ढकलली, तर पहिल्या सोळा महिन्यांचे आकडे आधीच्या भाडेकरूचे. मीटर पाच मिनिटांनी नोंद करणारं असेल, तर दिवसाला २८८ प्रमाणे ते जवळपास एक लाख चाळीस हजार आकडे होतात. तो माणूस किती वाजता उठायचा, रात्रपाळी करायचा का, गावाला कधी गेला, घरात तान्हं मूल कधी आलं, एवढं त्यातून वाचता येतं. त्यानं कोणालाही संमती दिलेली नसते.

सोमवारी पहाटे पाच वाजता आमची मीटिंग होती. सिडनीत तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. मी चूक आमची आहे हे आधी सांगितलं, मग बदल मांडला: मागणी पुढे पाठवण्याआधी खातं सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची तारीख पाहायची, आणि त्याबाहेरचा एकही दिवस मागायचा नाही. तिकडच्या प्रोजेक्ट मॅनेजरांचा सूर स्वाभाविकपणे कडक झाला. मंजूर झालेलं काम, साडेतीन महिने हातात, आणि नवा बदल. आम्ही वाद घातला नाही. त्या काल्पनिक भाडेकरूच्या एका आठवड्याचा आलेख काढला, त्यावरून त्याच्याबद्दल काय काय कळतं ते शेजारी लिहिलं आणि एका पानाचं ते टिपण पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी बदल मंजूर झाला. बदलाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. चूक आमची होती.

त्या निमित्तानं अख्खं दस्तऐवज पुन्हा चाळलं, आणि बाबांच्या वहीतले आणखी प्रश्न कामी आले. कुलूप असलेल्या घराचं सरासरी बिल आठवून आम्ही विचारलं, की मीटरचा आकडा प्रत्यक्ष वाचलेला आहे की त्याच्या जागी बदली आकडा घातलेला आहे, ही खूण अॅपपर्यंत पोचते का? तिकडच्या फाइलीत ती खूण असतेच, पण मधल्या एका टप्प्यावर ती गळत होती. वेळेचाही एक गुंता निघाला. बाजाराचं घड्याळ वर्षभर पूर्वेच्या प्रमाणवेळेवर चालतं, लोकांची घड्याळं मात्र क्वीन्सलँड सोडून उन्हाळ्यात तासभर पुढे जातात. म्हणजे सिडनीच्या उन्हाळ्यात मीटरचा दिवस रात्री एक वाजता सुरू होतो. हे आलेखाखाली लिहिलं नाही तर ग्राहकाला आपलाच दिवस सरकलेला दिसतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या दोन खोल्यांत कमरेएवढं पाणी होतं. चार संगणक, यूपीएस, सहा वर्षांच्या फाइली, सगळं चिखलात गेलं. कामाची कागदपत्रं सर्व्हरवर होती, ती वाचली. पण त्या आठवड्यात संगणकाची आठवण शेवटी यायची. घरमालक काका-काकूंना आधी बाहेर काढलं, मग शेजारच्या तीन घरांतला गाळ उपसला.

मुदतीला साडेपाच आठवडे उरले होते. आम्ही माझ्या घरच्या हॉलमध्ये, गादीवर बसून काम सुरू केलं. १ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं तासानं पुढे गेली आणि आमची पहाटेची मीटिंग पाचऐवजी चारला आली. बाबा साडेतीनला उठून सगळ्यांसाठी चहा ठेवायचे. १ नोव्हेंबरला सिस्टीम वेळेवर सुरू झाली. खात्याच्या तारखेची ती तपासणी पहिल्या दिवसापासून चालू आहे.

आता ऑफिस प्रताप नगरला, पहिल्या मजल्यावर आहे. दोन नव्या मुली आल्या, एक वर्ध्याची, एक भंडाऱ्याची. ऑस्ट्रेलियाचं काम चालू आहे, पण गेल्या वर्षभरात मन जास्त गुंतलं ते इथल्या एका छोट्या कामात. आपल्याकडे २०२० च्या वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. दिवसाच्या वेळेनुसार दर आले, आणि स्मार्ट मीटरचे आकडे दिवसातून किमान एकदा दुरून वाचून ग्राहकाला दाखवायचं ठरलं. म्हणजे आपल्या घरांचेही आलेख तयार होणार. त्याच वर्षी झालेला व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो, की संमतीची सूचना ग्राहकाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळायला हवी. त्यात मराठी आहे.

छतावर सोलर बसवणारे एक स्थानिक व्यावसायिक गिऱ्हाइकांच्या वर्षभराच्या बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवतात. त्यांच्यासाठी आम्ही एक पानाचा मराठी संमतीपत्राचा नमुना केला: कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, आणि नको असेल तर कोणाला सांगायचं. चार साधी वाक्यं, पण ती लिहायला तीन आठवडे लागले. अडलो ते भाडेकरूपाशी. इथे उलटं आहे. मीटर घरमालकाच्या नावावर, सही त्याची चालते, पण त्या बिलांत दिसतो तो भाडेकरूचा संसार.

बाबांना नमुना वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि सहीच्या रेघेखाली पेन्सिलनं आणखी एक रेघ ओढली. सध्या आम्ही दोघांच्याही सह्या घेतो.