राणीच्या मागोमाग

आमच्या चाळीत जिन्याखाली पत्र्याच्या पिंपावर कॅरम मांडलेला असायचा. वर वायरला लोंबकळणारा साठचा बल्ब, त्याला वर्तमानपत्राची टोपी. त्या बोर्डावर मी जेवढ्या राण्या घेतल्या, त्याहून जास्त परत मधोमध नेऊन ठेवल्या. राणी झकास सरळ भोकात जायची आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरही. लगेच समोरून ओरडा, "राणी वर! दंडाची एक पण काढ!"

वरच्या मजल्यावरचे अण्णा रात्री जेवून खाली येत. ते बघत बसायचे आणि एवढंच म्हणायचे, "हात हलका ठेव रे." मला तो निव्वळ म्हातारपणाचा उपदेश वाटे. स्ट्रायकर खाडकन बसला नाही तर कॅरम खेळायचा कशाला? पिंपावरचा बोर्ड जागचा हलेल असा फटका मारण्यात आमची शान होती.

गेल्या सुट्टीत भाची आली. नववीतली. पुस्तकात 'संवेग अक्षय्यता' आणि उदाहरण काय, तर बंदूक आणि गोळी. "मामा, बंदूक तू तरी बघितलीयेस का?" प्रश्न रास्त होता. कपाटावरून बोर्ड खाली काढला, धूळ पुसली, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. स्ट्रायकर भरला 15 ग्रॅम. एकटी सोंगटी ठेवली तर काटा 5 दाखवत होता. नऊ पांढऱ्या एकदम ठेवल्या तेव्हा 46, म्हणजे पाचाहून किंचित जास्त. किंचित आम्ही सोडून दिलं.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. स्ट्रायकरचा वेग 1 धरला तर त्याच्यापाशी 15. समोर सोंगटी गप्प, तिच्यापाशी शून्य. अक्षय्यता म्हणजे टक्कर झाल्यावरही दोघांची बेरीज 15च राहायला हवी. पण 15ची वाटणी कशीही होऊ शकते, म्हणून सोबत ऊर्जेचाही हिशेब लागतो. 'खट्' आवाजात आणि घासण्यात जाते ती थोडी सोडली, तर उत्तर असं गोड येतं: स्ट्रायकरचा वेग निम्मा उरतो आणि सोंगटी दीडपट वेगाने सुटते. 15 गुणिले अर्धा, साडेसात. 5 गुणिले दीड, साडेसात. अगदी भावाभावांत निम्मी-निम्मी.

मी त्या साडेसातांकडे बघतच राहिलो. सरळ फटक्यात स्ट्रायकर थांबतच नाही. तो निम्म्या वेगाने राणीच्या मागे जाणार, हे ठरलेलंच. आणि मी इतकी वर्षं नशिबाला बोल लावत होतो. (आमच्यातला एक जण कुठूनसा जाडजूड स्ट्रायकर घेऊन आला होता. तो जड असल्याने वेग आणखी कमी गमवायचा आणि आणखी हौसेने भोकात जायचा. सोंगटी मात्र, स्ट्रायकर कितीही जड घ्या, त्याच्या वेगाच्या दुपटीपलीकडे जात नाही.)

भाचीला उलटं करून बघायचं होतं. तिने स्ट्रायकर मध्ये ठेवला आणि सोंगटीने त्याला टिचकी मारली. स्ट्रायकर पुढे सरकला आणि सोंगटी चक्क मागे आली. तिने हिशेब मांडला: आधी 5. नंतर स्ट्रायकरचे 15 गुणिले अर्धा, साडेसात. सोंगटीचे 5 गुणिले अर्धा, अडीच. "मामा, पाचाचे दहा झाले!"

तिला म्हटलं, लाज वाटून घेऊ नकोस, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तही इथेच अडकला होता. तो वेग मोजायचा, दिशा धरायचा नाही. 1644 साली त्याने लिहून ठेवलं की लहान वस्तू थांबलेल्या मोठ्या वस्तूला हलवूच शकत नाही. त्याला कॅरम खेळायला मिळाला नसावा. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने दिशेसकट हिशेब केला, त्याचे नियम 1669मध्ये छापून आले. मागे येणाऱ्या सोंगटीला उणे चिन्ह लावलं की साडेसातातून अडीच गेले, पाच उरले. भाचीने वहीत ते उणे दोनदा गिरवलं.

मग राहिले अण्णा. पावडर टाकलेल्या बोर्डावरही घर्षण असतंच. (तिथे जाणारा संवेग बोर्डाला, पिंपाला आणि शेवटी जमिनीला मिळतो. आमचा बोर्ड हलायचा तो उगाच नाही.) घसरत जायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट, म्हणजे घर्षण दोघांना सारखं धरलं तर ती नऊपट लांब जाणार. भोक 27 सेंटिमीटरवर आहे आणि राणी तिथे जेमतेम पोचेल एवढाच फटका मारला, तर स्ट्रायकर तीनच सेंटिमीटर सरकून थांबेल. मधल्या चोवीस सेंटिमीटरांत अण्णांचा हलका हात होता.

"बघू," म्हणत भाचीने राणी लावली आणि स्ट्रायकर हळूच सोडला. राणी सुर्रकन गेली आणि भोकाच्या अगदी तोंडाशी जाऊन थांबली. स्ट्रायकर पाठीमागे दूर, चार बोटं सरकून गप्प. आता माझी पाळी. राणी आयती, सरळ रेषेत, नुसता धक्का लागायचा अवकाश. मी पावडर उडवली, बोट ताणलं आणि खाडकन मारला.

भाचीने दोन बोटांनी भोकातून स्ट्रायकर काढून माझ्यापुढे ठेवला. "मामा, राणी वर. आणि दंडाची एक."