तुम्ही विचारलेत म्हणून: कबड्डीच्या मुलाला रग्बी जमेल का?

मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, आमचा मुलगा शाळेच्या कबड्डी संघात आहे, पकड चांगली आहे, त्याला रग्बी लवकर जमेल ना?" मी "निम्मी जमेल" म्हणतो आणि त्यांचा चेहरा पडतो. उरलेल्या निम्म्याचा हिशेब उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून तो येथे मांडतो.

जमणारा भाग म्हणजे अंगाला अंग भिडण्याची भीती नसणे. चढाईला आलेल्या गड्यावर झेप घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला टॅकलसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडण्यासाठी, मनाची तयारी करावी लागत नाही. पकडीची जागा मात्र बदलते. कबड्डीत घोट्याला घातलेला हात पुष्कळदा पुरतो. रग्बीत समोरचा वीस मीटरांवरून धावत येत असतो आणि त्याला थांबवायला खांदा लागतो. आपला पुढचा पाय त्याच्या पायाजवळ पडला पाहिजे, हनुवटी वर आणि डोळे उघडे हवेत, खांदा त्याच्या मांडीवर टेकला पाहिजे, दोन्ही हातांचा वेढा मांड्यांमागे आवळला गेला पाहिजे आणि डोके त्याच्या पाठीमागच्या बाजूला राहिले पाहिजे. कुस्तीत पट काढणाऱ्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. डोके त्याच्या पुढ्यात गेले तर गुडघा थेट कानशिलावर बसतो. म्हणून नव्या मुलांना मी सुरुवातीचे काही दिवस दोघांनाही गुडघ्यांवर बसवूनच टॅकल शिकवतो. खांद्याच्या वर धरणे हा तर सरळ नियमभंगच आहे.

न जमणारा भाग आहे तो सोडण्याचा. कबड्डीत एकदा धरलेला गडी पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडायचा नसतो. रग्बीत तो जमिनीवर आला की पकडणाऱ्याने त्याला लगेच सोडायचे असते, उठून उभे राहून आपल्या बाजूने येऊन मगच चेंडूला हात लावायचा असतो; आणि पडलेल्यानेही चेंडू कवटाळून न बसता सोडायचा असतो. मी स्वतः कबड्डीतूनच आलो. ऐन पावसाळ्यातल्या माझ्या पहिल्या सामन्यात, चिखलात लोळत, मी तीनदा गडी घट्ट धरून ठेवला आणि नियमभंग म्हणून समोरच्या संघाला तीनदा पेनल्टी दिली. त्यांतल्या दोन वेळा त्यांनी चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारून सहा गुण घेतले, आणि आम्ही चार गुणांनी हरलो. "सोडायचेच असेल तर धरायचे कशाला?" असे एका मुलाने मला विचारले होते, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की टॅकलने खेळ संपत नाही, चेंडूसाठीची खरी झटापट तेथे सुरू होते. पडणाऱ्याने पडता पडताच अंग वळवून चेंडू हात लांब करून आपल्या संघाच्या बाजूला ठेवला, तर मागून आलेले सोबती त्याच्यावरून पायांवर उभे राहून रेटा देतात आणि चेंडू आपल्याकडे राहतो. यालाच रक म्हणतात. छातीशी धरून पडलेला चेंडू बहुधा पेनल्टीतच जातो.

आणखी एक गंमत सांगतो. कबड्डीतून आलेला मुलगा समोरच्या संघाच्या टोकाला असलेल्या ट्राय-रेषेपर्यंत मुसंडी मारतो, रेषेला पाय लावतो आणि हात वर करून थांबतो. मध्यरेषेची सवय! येथे चेंडू रेषेवर किंवा तिच्या पलीकडे जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हाच पाच गुण मिळतात.

राहता राहिला पास, आणि सर्वाधिक वेळ त्यालाच लागतो. चढाई करणारा एकटा असतो. रग्बीतल्या धावणाऱ्याला पुढे धावत असताना चेंडू हातांनी पुढे फेकण्याची मुभा नसते, त्यामुळे सोबती कोठे आहे हे मागे पाहून ठेवावे लागते. बोटे पसरून धरलेला चेंडू सोबत्याच्या छातीपुढे जावा, फेकल्यानंतर दोन्ही हात त्याच्या दिशेने राहावेत, आणि घेणाऱ्याने हात आधीच वर ठेवावेत, एवढे साधे काम आहे. ते दमल्यावर आणि ओल्या चेंडूने जमायला मात्र महिने जातात. लाथेने मारण्याची घाई पहिल्या वर्षी नकोच.

घरी सराव करायचा झाल्यास दोन मुलांनी अंगणात चालत चालत, नंतर हळू धावत, डाव्या आणि उजव्या बाजूला पास द्यावेत. चेंडू जेमतेम 410 ते 460 ग्रॅमांचा असतो. टॅकलचा सराव मात्र घरी करू देऊ नका. त्यासाठी बहुधा धाकट्या भावंडालाच बोलावले जाते.