बर्फावर ब्रेक लागत नाही तेव्हा

इथे कॅनडात, मॅनिटोबामध्ये, मी छोट्या विमानांच्या दुरुस्तीचं काम करतो. हिवाळा लागला की आमच्या हँगरमध्ये प्रोपेलर वाकलेली विमानं यायला लागतात. खानापूरचे मामा फोनवर विचारतात, "एवढ्या बर्फात विमान वर कसं जातंय गा?" वर जायला अडचण नसते. पंखांवरचं हिम नीट काढलेलं असलं की थंड, दाट हवेत विमान उलट लवकर उचलतं. घात होतो तो जमिनीवर, माणूस चालतो तेवढ्या वेगात.

सेस्ना १७२ सारख्या विमानाचं इंजिन अगदी मंद ठेवलं तरी प्रोपेलर त्याला पुढे ओढतच असतो. कोरड्या डांबरावर ब्रेक त्याला धरून ठेवतो, बर्फावर नाही. त्यात बाजूचा वारा शेपटीच्या उभ्या भागावर बसला की विमानाचं नाक वाऱ्याकडे फिरतं. पुढचं चाक वळवून उपयोग होत नाही. जांबोटीच्या रस्त्यावर पावसात लाल चिखल आला की हँडल वळवूनही मोटरसायकल सरळच जाते ना, तसंच. आणि कडेला असतात बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या नांगराने ढकललेले, गोठून टणक झालेले बर्फाचे बांध.

प्रोपेलर त्या बांधाला लागला की टोक जेमतेम बोटभर वाकलेलं दिसतं. मालकाला वाटतं, तेवढं बदललं की झालं. पण फिरत्या प्रोपेलरचा झटका थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याला, बसलेला असतो, म्हणून सगळं इंजिन उघडावं लागतं. शाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर चमकणारे लोहकण मिसळलेलं द्रावण सोडतो आणि अंधारात अतिनील दिवा धरतो. तडा असेल तर केसाएवढी हिरवी रेघ उजळते. ती रेघ दिसली की शाफ्ट बाद. आकाशात तुटला असता, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

दुसरा प्रकार कमी दिसतो, पण फसवा आहे. अर्धवट वितळलेल्या बर्फातून विमान धावलं की तो चिखल ब्रेकमध्ये आणि चाकांवरच्या आवरणात शिरतो, वर गेल्यावर गोठतो आणि उतरताना चाक फिरतच नाही. म्हणून बरेच जण हिवाळ्यात ती आवरणं काढूनच ठेवतात.

कडाक्याच्या थंडीपेक्षा मला शून्याच्या आसपासच्या दिवसांची जास्त भीती वाटते. धावपट्टीच्या स्थितीला ० ते ६ असा अंक देतात. कोरडी असेल तर ६. घट्ट दाबलेल्या बर्फाला उणे १५ अंश किंवा त्याहून जास्त थंडीत ४, त्यापेक्षा ऊब असेल तर ३. नुसत्या आइसला, म्हणजे पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या थराला, १ आणि त्यावर पाणी आलं की ०, म्हणजे त्या पट्टीवर उतरायचंच नाही.

ही पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून जगभर लागू आहे, त्यामुळे बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीलाही तीच. आपल्याकडे बर्फाची जागा पावसाचं पाणी घेतं. नुसती ओली पट्टी ५ असते, पाणी ३ मिलिमीटरच्या वर साचलं की एकदम २. ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला भर पावसात विमान पट्टीबाहेर गेलं आणि २१ माणसं गेली, तेव्हा ओल्या धावपट्टीला कमी लेखून चालत नाही.

२०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव होतं. तिथे शिकून इकडे यायचं मनात असलेल्या पोरांना माझं सांगणं एवढंच: इंजिनची चाचणी बर्फावर घेऊ नका, वाळू टाकलेली किंवा कोरडी जागा शोधा. ब्रेक लागतो का ते मोकळ्या जागेत आधीच बघा. आणि विमान बांधाकडे घसरायला लागलं, थांबेना, तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा. पंख वाकेल, नाकाला मार बसेल, पण थांबलेला प्रोपेलर आदळला तर इंजिन वाचण्याची आशा खूपच जास्त असते.